पटावर नाव आमच्या गावात, मूल नाशिकच्या क्लासमध्ये. नवोदयच्या परीक्षेआधी तक्रार करावी का?

द्राक्षबाग_निफाड

नमस्कार. मी निफाड तालुक्यातल्या एका गावात राहते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला आहे आणि यंदा नवोदयच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या, सहावीच्या प्रवेश परीक्षेला बसते आहे. मी शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे, म्हणून हे माझ्या नजरेला पडलं. नाहीतर कधी कळलंही नसतं.

पाचवीच्या वर्गात बसतात अकरा मुलं. हजेरीपत्रकावर नावं आहेत पंधरा. वरची चार मुलं मी कधी पाहिलेली नाहीत. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "ती नावं सर हजेरीला घेतच नाहीत, पण शेवटी लिहिलेली आहेत." त्या नावांपुढे रोज हजर अशी खूण आहे. बैठकीच्या दिवशी मी सहज पोषण आहाराची वही उघडली, तर तिथेही पाचवीचे पंधरा. पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला शंभर ग्रॅम तांदूळ धरतात. म्हणजे खोटी हजेरी लावली की तिच्यापाठोपाठ तांदूळही खोटा लिहावा लागतो, आणि हे रोजच्या रोज चाललंय.

चौकशी केली तेव्हा कळलं की चारही मुलं नाशिकची. शहरातल्या एका निवासी क्लासमध्ये राहतात आणि दिवसभर फक्त नवोदय आणि सैनिक स्कूलचे पेपर सोडवतात. त्यांचे दाखले आमच्या शाळेत आले ते तिसरीत. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. नवोदयच्या ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही पूर्ण वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात. त्यातला एक दिवस जरी शहरातल्या शाळेत शिकला तरी मूल शहरी धरतात. हा नियम वाचून कुणीतरी आठ वर्षांच्या मुलाचं नाव आमच्या पटावर आणून ठेवलं, आणि तीन वर्षं ते तिथे सांभाळलं.

जिल्ह्यात तालुके १५. खेडगावच्या नवोदयला सहावीच्या जागा ८०. त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांच्या. आमच्यासारख्यांच्या मुलांना एवढं एकच दार आहे जिथे राहणं, जेवण, पुस्तकं, शिक्षण सगळं सरकार बघतं. आणि परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते.

आता माझी अडचण. आमचे मुख्याध्यापक वाईट माणूस नाहीत. दोन शिक्षकी शाळा आहे. सर सकाळी लवकर येऊन पाचवीच्या मुलांना फुकट शिकवतात, माझ्या मुलीचं गणित त्यांनीच सुधारलं. पट आणखी घसरला तर एक शिक्षक जाईल ही भीती त्यांना आहे, आणि ती खरी आहे. पैसे घेतले का, ते मी सांगू शकत नाही, म्हणून तसा आरोप करणार नाही. पण सही त्यांची आहे. माझ्या मुलीच्या फॉर्मच्या प्रमाणपत्रावरही त्यांचीच सही आहे.

आणखी एक सांगते. ऑक्टोबर छाटणीपासून आमच्या मळ्यात पेठ तालुक्यातलं एक कुटुंब राहतं, दर वर्षी येतं. यंदा त्यांनी धाकट्या मुलाला इथेच शाळेत घातलं, तो माझ्या मुलीच्याच वर्गात आहे. बुद्धिमत्तेच्या आकृत्या तो तिच्याहून लवकर सोडवतो. कागदाची घडी घालून भोक पाडलं तर उघडल्यावर कसं दिसेल, हा प्रश्न मुलीला काही केल्या जमेना. त्याने द्राक्षाच्या पेटीतला पातळ कागद घेतला, दोनदा दुमडला, बाभळीच्या काट्याने टोचला आणि उघडून तिच्यापुढे धरला. तेव्हापासून तिला ते जमतं. या पोराचा फॉर्म भरताना मात्र आम्हाला नाकी नऊ आले. आधार पेठचं, शाळा निफाडची, आईचं नाव दोन ठिकाणी दोन प्रकारे लिहिलेलं. त्या चार मुलांची कागदं मात्र एकदम चोख आहेत.

मला विचारायचं आहे ते हे:
तक्रार आत्ता करावी की निकालानंतर? कुणाकडे? माझ्या मुलीच्या किंवा त्या मुलाच्या फॉर्मला काही धोका आहे का? आणि सरांची नोकरी न घालवता हे थांबवता येईल का?

इंदिरानगर_पालक

ताई, मी शहरातली आहे, पण लिहिते. माझा मुलगा दुसरीत असताना एका क्लासवाल्याने आम्हाला हेच सुचवलं होतं. म्हणाला, "तिसरीतच नाव गावात टाकून द्या, मूल इथेच राहील, हजेरीचं आम्ही बघतो." फीच्या कागदावर त्याचा वेगळा आकडा होता, 'शाळा व्यवस्था' असं लिहिलेलं. आम्ही नाही म्हणालो. नवऱ्याचं म्हणणं होतं की पोराला घरी विचारलं कोणत्या शाळेत जातोस, तर तो खोटं बोलायला शिकेल, आणि तेही आमच्याच सांगण्यावरून.

शहरातल्या मुलांनाही नवोदयला बसता येतं हे कुणी सांगत नाही. ७५ टक्के ग्रामीण सोडून बाकीच्या जागा आहेतच की. आमचा मुलगा शहरी म्हणून उघडपणे बसला. निवड झाली नाही. तो आता इथेच शिकतो आणि चांगला शिकतो. ज्याच्याकडे इंदिरानगरमध्ये घर आहे त्याने सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्यातल्या मुलाची जागा कशाला घ्यायची, याचं उत्तर मला अजून कोणत्याही पालकाने दिलेलं नाही.

सिन्नरकर_गुरुजी

ताई, मी केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो. मुद्द्याचं बोलतो.

तक्रार आत्ताच करा. निकालानंतर केलीत तर तुमची मुलगी निवडली गेली नाही म्हणून करताय असं म्हणतील. आणि निवड झाली तर तुम्हीच गप्प बसाल, हे मी अनेक घरांत पाहिलंय. शिवाय निवड ही कागदपत्रं तपासेपर्यंत तात्पुरतीच असते. तपासणारा बघतो फक्त दाखला. दाखला चोख असेल तर त्याला काही दिसत नाही. खोट तिसरीत घातलेली असते, ती सहावीच्या प्रवेशाच्या दिवशी कागदावरून सापडणार नाही. ती सापडते वर्गात जाऊन मुलं मोजली की.

पुरावा तुमच्या हातात आहे, आणि तुम्ही तो बरोबर हेरलात. मी तपासणीला जायचो तेव्हा हजेरीपत्रक नंतर बघायचो, आधी पोषण आहाराची नोंदवही आणि शिल्लक तांदूळ. हजेरीला खूण करायला पेन पुरतं, तांदळाचं गोणीत वजन करता येतं. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, तेव्हा मुलांच्या बोटाला शाई लावून मोजलं होतं, एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून. आता आधार जोडल्यामुळे एक मूल दोन पटांवर ठेवणं अवघड झालं. म्हणून लोकांनी वाट बदलली. नाव एकाच पटावर, पण ते गावच्या, आणि मूल कुठल्याच शाळेत नाही. पोर्टलवर यात काहीच चुकीचं दिसत नाही.

आता करायचं काय. एकट्याच्या नावाने अर्ज देऊ नका. समितीची बैठक दर महिन्याला व्हायलाच हवी, त्यात विषय मांडा: "पाचवीच्या पटाची प्रत्यक्ष पडताळणी व्हावी." एवढाच. मुलांची नावं ठरावात घालू नका, हजेरीपत्रकावरचे अनुक्रमांक पुरे. ठराव इतिवृत्तात लिहून घ्या, सह्या घ्या. मग तो गटशिक्षणाधिकाऱ्यांना, पंचायत समिती निफाड येथे द्या आणि आवक क्रमांकाची पोच घ्या. पोचेशिवाय परतू नका. एक प्रत खेडगावच्या प्राचार्यांना. एक जिल्हाधिकाऱ्यांना, कारण नवोदयच्या विद्यालय व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. हे फार जणांना ठाऊक नसतं. खालून काही हललं नाही तर नवोदय विद्यालय समितीचं विभागीय कार्यालय पुण्यात आहे.

तुमच्या मुलीच्या फॉर्मला धोका नाही. तिचं वय, शाळा, राहणं सगळं खरं आहे. पेठच्या मुलाचंही घाबरू नका. पाचवी ज्या जिल्ह्यात शिकतो आणि राहतो तो जिल्हा एकच पाहिजे, तालुका नाही. पेठ आणि निफाड दोन्ही नाशिक जिल्ह्यातच. तिसरी-चौथी पेठच्या गावातल्या शाळेत झाली असेल तर तेही ग्रामीणच. फक्त त्या शाळेकडून तिसरी-चौथीचा दाखला आत्ताच लेखी आणून ठेवा. आदिवासी असेल तर जातीचं प्रमाणपत्रही काढायला टाका. निवडीनंतर धावपळ करण्यात लोकांच्या जागा गेल्या आहेत.

सरांबद्दल. मी त्या खुर्चीवर बसलेल्या माणसांबरोबर नोकरी केली आहे, मला त्यांची भीती कळते. पण पटासाठी चार नावं धरून ठेवली की शाळा वाचते हा भ्रम आहे. ही मुलं पाचवीनंतर जाणारच. पट तेव्हाही खाली येणार. ठरावाआधी त्यांना एकदा घरी जाऊन सांगा. दोन दिवस द्या. त्यांनी स्वतःहून गैरहजेरी लावायला सुरुवात केली आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना कळवलं, तर गोष्ट वेगळी होईल.

ओझर_क्लास

मी ओझरला संध्याकाळी क्लास घेतो, निवासी नाही. गुरुजींचा आदर ठेवून सांगतो, तक्रारीने सगळ्यात जास्त मार बसेल तो त्या चार मुलांना. त्यांनी काय केलं? त्यांना परीक्षा एकदाच देता येते, फॉर्म रद्द झाला तर संपलं. धरायचे असतील तर निवासी क्लासवाले धरा.

आणि पटाचंच का बोलताय? परीक्षेच्या हॉलमध्ये काय चालतं ते बघा. माझ्याकडे पालक येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "सेंटर कोणतं येईल? तिथे सुपरवायझर कोण असतात?" अभ्यासाचं नंतर. ८० प्रश्न, दोन तास, १०० गुण. त्यात बुद्धिमत्तेचे ४०, गणित २०, भाषा २०. उणे गुण नाहीत, म्हणून कुणी कानात चार पर्याय सांगितले तरी मूल निमूटपणे गोल भरतं. माझी एक विद्यार्थिनी परीक्षा देऊन रडत आली होती. पर्यवेक्षकांनी वर्गाला मोठ्याने उत्तर सांगितलं, तिने आधी वेगळा गोल रंगवला होता, आणि ओएमआरवर, म्हणजे मशीनने तपासायच्या उत्तरपत्रिकेवर, खोडता येत नाही. घरी येऊन सोडवून बघितलं तर तिचंच बरोबर होतं. पण हॉलमधला उरलेला सगळा वेळ तिचा हात थरथरत होता, पुढचे सोपे प्रश्न चुकले.

द्राक्षबाग_निफाड

ओझरचे दादा, त्या मुलीचं वाचून जीव कळवळला. हॉलमध्ये सांगतात ते वाईटच. पण म्हणून पटाचं सोडून द्यायचं का? हॉलमध्ये एखादं उत्तर कुणी सांगितलं तर एखादा गुण इकडचा तिकडे होतो. पटावर नाव चढलं तर आख्खी जागाच जाते, आणि ज्याची गेली त्याला कधी कळतही नाही. त्याला वाटतं आपणच कमी पडलो.

त्या मुलांना मी दोष देत नाही. पण त्यांना 'शहरी' म्हणून बसता आलं असतं, इंदिरानगरच्या ताईंचा मुलगा बसला तसं. ती वाट त्यांच्या आईवडिलांनी बंद केली. माझ्या मळ्यातल्या मुलाचे आईवडील काहीच करू शकत नाहीत, त्यांना ही परीक्षा असते हेच मुळात माझ्याकडून कळलं. दोघांचं नुकसान एका तराजूत कसं घालू?

सुरगाणा_ते_खेडगाव

काकू, मी सुरगाण्याचा. खेडगावच्या नवोदयला सहावी ते बारावी काढली. आता नाशिकला अंबडमध्ये नोकरी करतो.

माझ्या घरात माझ्याआधी कुणी दहावी झालेलं नव्हतं. पहिल्या दिवशी वडील ट्रंक घेऊन एसटीने सोडायला आले. गादी, बादली, कंदील असं सगळं घेतलं होतं, कारण कुणी काय देणार ते त्यांना माहीत नव्हतं. कंदील परत नेला. तिथे मला पहिल्यांदा स्वतःचं टेबल मिळालं. नववीत वर्गातली ३० टक्के मुलं वर्षभर दुसऱ्या भाषेच्या राज्यात जातात, त्यात मी गेलो. हिंदी तिथे शिकलो. आज मला परप्रांतीय कामगारांशी बोलायला कधी अडलं नाही.

कागदावरची ग्रामीण मुलं आमच्याही बॅचला होती. आम्हाला पहिल्या आठवड्यात कळायचं. 'गाव कोणतं?' विचारलं की गावाचं नाव सांगायचे, पण गावात नदी आहे का विहीर, ते सांगता यायचं नाही. मुलं म्हणून ती चांगली होती, मित्र झाली. त्यातला एक दिवाळीनंतर परत आलाच नाही. वसतिगृह सोसेना, आणि घरी नाशिकला चांगली शाळा होतीच. त्याची खाट वर्षभर रिकामी होती. मी त्या खाटेकडे बघून आमच्या पाड्यावरच्या माझ्या चुलतभावाचा विचार करायचो. तो माझ्याबरोबरच परीक्षेला बसला होता आणि थोडक्यात राहिला. आठवीनंतर शाळा सुटली, आता तो तुमच्याच भागात द्राक्षाच्या छाटणीला येतो.

१९८६ च्या शैक्षणिक धोरणात नवोदय आल्या त्या गावातल्या हुशार मुलांसाठी. सगळ्यात पहिल्या दोनांपैकी एक आपल्या अमरावतीला सुरू झाली. तक्रार करा. पेठच्या त्या पोराला मी दर रविवारी फोनवर आकृत्या शिकवायला तयार आहे, खरंतर तोच मला शिकवेल असं दिसतंय.

सिन्नरकर_गुरुजी

ओझरच्या सरांनी क्लासवाल्यांचा विषय काढला ते बरं झालं. सैनिक स्कूलची प्रवेश परीक्षा एनटीए, म्हणजे केंद्राची राष्ट्रीय परीक्षा संस्था, घेते. एनटीएच्या परीक्षांना २०२४ चा केंद्राचा सार्वजनिक परीक्षा कायदा लागू आहे. पेपर फोडणं, उत्तरपत्रिकेत फेरफार, परीक्षार्थीला बेकायदा मदत याला तीन ते पाच वर्षं शिक्षा आणि दहा लाखांपर्यंत दंड. संगनमताने, टोळी करून केलं तर पाच ते दहा वर्षं आणि दंड किमान एक कोटी. आणि हा कायदा परीक्षेला बसलेल्या मुलांसाठी नाही, करवून घेणाऱ्यांसाठी आहे. तेव्हा लेकरांना तुरुंगात घालतील असली भीती क्लासवाले घालतात, तिला भीक घालू नका.

पर्यवेक्षकाने उत्तर सांगितलं तर त्याच दिवशी, केंद्र सोडण्याआधी, परीक्षा केंद्राच्या प्रमुखांकडे लेखी द्यायचं. खोली क्रमांक आणि साधारण वेळ लिहायची. दुसऱ्या दिवशीच्या तोंडी तक्रारीला कुणी विचारत नाही.

द्राक्षबाग_निफाड

गुरुजी, तुम्ही सांगितलं तसं केलं. सरांच्या घरी गेले, बरोबर माझी जाऊ होती, तीही समितीवर आहे. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, मला वरून फोन येतो, गावातूनही येतो. नाव काढायचं धाडस माझ्यात नव्हतं. तुम्ही ठराव केला तर मला आधार होईल." ते खरं बोलले की वेळ मारून नेली, हे मला ठरवता येत नाही. पण सोमवारपासून त्या चार नावांपुढे गैरहजर लागायला लागलं आहे, आणि तांदळाच्या वहीत पाचवीचे अकरा.

बैठकीत दोघांनी सही केली नाही. एकाचा भाऊ त्या क्लासच्या गाड्या चालवतो. बाकी सगळ्यांनी केली. ठराव मंजूर झाला. मंगळवारी निफाडला जाते आहे. अर्ज असा लिहिलाय, बघून सांगा:

"मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती, निफाड. विषय: इयत्ता पाचवीच्या पटाची प्रत्यक्ष पडताळणी होणेबाबत. महोदय, आमच्या शाळेच्या इयत्ता पाचवीच्या हजेरीपत्रकावर १५ विद्यार्थी असून प्रत्यक्ष ११ विद्यार्थी शाळेत येतात. अनुक्रमांक १२ ते १५ हे विद्यार्थी नाशिक येथील खाजगी क्लासमध्ये राहून शिकत असल्याचे समजते. त्यांनी नवोदय परीक्षेसाठी ग्रामीण विद्यार्थी म्हणून अर्ज केल्याचे समजते. तरी आपण परीक्षेपूर्वी शाळेस भेट देऊन पडताळणी करावी ही विनंती. सोबत समितीचा ठराव जोडला आहे."

सिन्नरकर_गुरुजी

अर्ज चांगला आहे. तीन दुरुस्त्या.

'नाशिक येथील खाजगी क्लासमध्ये' हे वाक्य काढा. तुम्ही ते डोळ्यांनी पाहिलेलं नाही, आणि तेवढ्या एका वाक्यावर समोरचा वकील लावेल. 'शाळेत येत नाहीत' एवढं तुम्ही पाहिलंय, तेवढंच लिहा. दुसरं, हे विद्यार्थी तिसरीपासून पटावर आहेत, म्हणून तिसरी आणि चौथीच्या हजेरीची व पोषण आहाराच्या नोंदींचीही तपासणी मागा, नुसती पाचवीची नको. नाहीतर येतील, अकरा मुलं मोजतील, 'आता नोंद बरोबर आहे' म्हणून निघून जातील. सरांनी सोमवारपासून वही दुरुस्त केली आहे हे विसरू नका. तिसरं, सरांनी सहकार्य केल्याचं एक वाक्य घाला. ते खरं आहे, आणि त्यांना लागेल.

पंधरा-वीस दिवसांत कुणी आलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावून. मुलांची नावं मागू नका, नाहीतर वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतील. फक्त तीन वर्षांची महिनावार पटसंख्या, हजेरीची एकूण संख्या आणि तांदळाचा खर्च मागा. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते, तेव्हा परीक्षेची तारीख बघून दिवस मोजा. मंगळवारी कार्यालयात सकाळी लवकर पोचा.

इंदिरानगर_पालक

ताई, अर्जाच्या प्रती काढायच्या असतील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात एक प्रत द्यायची असेल तर मला पाठवा. मला ते जवळ पडतं, मी पोच घेऊन तुम्हाला फोटो टाकते.